दुपारी बंद पडणारे कॅमेरे

माणूस स्वतःच्या घरात किती प्रकारांनी पडू शकतो, हे मला विचारा. विमा कंपनीच्या दावे विभागात माझी अर्धी हयात गेली आहे. साबणावरून पडलेले, स्टुलावरून पडलेले, पायपुसण्यात अडकून पडलेले, आणि एक गृहस्थ तर खुर्ची सरकवलेली आहे हे विसरून ऐटीत बसायला गेलेले, असे सगळे माझ्या टेबलावरून गेले आहेत. इतरांना घर दिसतं. मला फरशी दिसते, आणि ती किती कडक आहे तेही दिसतं. बायको याला भित्रेपणा म्हणते. मी अनुभव म्हणतो. या एका विषयावर आमचं लग्नापासून एकमत झालेलं नाही.

त्यामुळे आई स्वयंपाकघरात ओल्या फरशीवरून घसरली, तेव्हा लागलं तिच्या कोपराला आणि हातपाय माझे गार पडले. डॉक्टरांनी मलम दिलं. आई दुसऱ्या दिवशी कणीक मळत होती. पण ही बातमी ताईला कळली. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ती दुसऱ्या गावी राहते, तळमजल्यावर, आणि घरात चोवीस तास माणसं असतात.

"तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, ती घरात एकटी," ताई फोनवर म्हणाली. "उद्या काही झालं तर तुम्हाला संध्याकाळी कळणार. महिनाअखेरीला येते आणि तिला माझ्याकडे घेऊन जाते."

फोन स्पीकरवर होता. आई शेजारीच बसली होती. ती उठली, आपल्या खोलीत गेली आणि दार अगदी हळू लावून घेतलं. आई दार आपटते तेव्हा काळजीचं कारण नसतं. हळू लावते तेव्हा असतं. तिला जायचं नव्हतं, मला तिला पाठवायचं नव्हतं, आणि दोघांनाही ते ताईसमोर म्हणायची छाती नव्हती. म्हणून मी भलतंच म्हणालो.

"ताई, तू काळजी करू नकोस. मी बंदोबस्त करतो."

बंदोबस्त हा शब्द तोंडातून निघून गेला आणि मग त्याचा अर्थ शोधायची वेळ आली. कॅमेरे लावायचे आणि ऑफिसातून आईवर लक्ष ठेवायचं, इतकं डोक्यात आलं. हे मी शेजारच्या ऑडिटरांना जिन्यात सहज सांगितलं. ऑडिटरांना सहज काही सांगू नये. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाजारातले कॅमेरे?" ते म्हणाले. "ते चित्र आधी कुठल्यातरी परदेशातल्या गोदामात जातं, मग तुमच्याकडे येतं. मधे कोण बघतो, कोणाला ठाऊक? तुमच्या आई इकडे चहा पीत असतात आणि तिकडे भलताच माणूस बघत बसलेला असतो."

तो भलता माणूस त्या क्षणापासून माझ्या मानेवर बसला. त्याला मी चेहरासुद्धा दिला. खालच्या मजल्यावर दवाखाना असलेले डेंटिस्ट म्हणाले की आईंच्या गळ्यात एक बटण बांधा, पडल्या की दाबतील. आई म्हणाली, बटण दाबता येत असेल तर मी उठून उभी नाही का राहणार. इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले की काहीही करा, पण आधी अर्ज द्या.

शेवटी मी आमच्या ऑफिसातल्या सिस्टिमवाल्यांना गाठलं. हे गृहस्थ एकाच वेळी तीन पडद्यांकडे बघतात आणि समोरच्या माणसाकडे कधीच बघत नाहीत.

"सगळं घरातच ठेवा," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "जुना कॉम्प्युटर असेल ना? त्यात एक फुकटचा प्रोग्रॅम टाका. कॅमेरे त्याला जोडा. चित्र घराबाहेर जाणारच नाही. तुम्हीच मालक, तुम्हीच पहारेकरी."

मालक हा शब्द मला फार आवडला. घरात मला त्या नावाने कोणी ओळखत नाही.

माळ्यावरून जुना कॉम्प्युटर काढला. तो उतरवताना मी स्टुलावर उभा होतो, आणि स्टुलाचे सगळे दावे मला पाठ असल्यामुळे खाली बायकोला, आईला आणि दोन गाद्यांना उभं केलं होतं. त्या खोक्याला दिवाणखान्यातल्या कोपऱ्यात, टीव्हीच्या टेबलाखाली जागा मिळाली. तीन कॅमेरे आणले. एक दिवाणखान्यात, एक स्वयंपाकघरात आणि एक दाराबाहेर, जिन्याकडे तोंड करून. सगळं उभं करायला एक रविवार पुरेल, असं मी जाहीर केलं. बायकोने फक्त कॅलेंडरकडे पाहिलं.

स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्यापर्यंत वायफाय पोचेना. भिंत जाड होती. सिस्टिमवाले म्हणाले, वायर टाका. म्हणून मी ड्रिल मशीन भाड्याने आणलं. आता, दिवाणखान्याला चार भिंती असतात आणि त्यातली एकच स्वयंपाकघराला लागून असते, हे मला माहीत होतं. पण टेबल सरकवल्यावर, गॉगल घातल्यावर आणि आई मागून "हळू रे, हळू रे" म्हणत असताना दिशा थोडी चुकू शकते. ड्रिल शेवटी एकदम सैल आत गेलं. मी विजयाने मशीन मागे ओढलं. थोड्या वेळाने बेल वाजली. दारात ऑडिटर उभे होते. त्यांच्या हातात चहाचा कप होता आणि चहावर सिमेंटची साय आली होती.

"तुमचं काम आमच्या दिवाणखान्यात आलंय," ते म्हणाले.

मी माफी मागितली. भोक लांबी भरून बुजवून देतो म्हणालो. पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली, तिथे जमिनीवर तीन कॅमेरे मांडून ठेवले होते. त्या दिवसापासून त्यांनी भोकासमोर एक फ्रेम टांगली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. बाहेरचा कॅमेरा त्यांच्या दारावर रोखलेला आहे अशी तक्रारही समितीकडे गेली. सेक्रेटरींनी मला बोलावून घेतलं आणि जिन्याचा कुठला भाग सार्वजनिक, कुठला खासगी आणि कुठला नुसताच कचऱ्याचा, हे समजावून सांगितलं. कॅमेऱ्याचं तोंड शेवटी इतकं वळवलं की त्यात फक्त पायऱ्या दिसायच्या. पायऱ्या बघून माझं समाधान होण्यासारखं नव्हतं, उलट पायऱ्यांचे दावे वेगळे आठवायला लागले.

घरात सगळं दिसायला लागलं, पण ऑफिसातून काही दिसेना. त्यासाठी म्हणे इंटरनेट कंपनीकडून घराला एक कायमचा पत्ता घ्यावा लागतो. कंपनीत फोन लावला. बऱ्याच संगीतानंतर एक बाई बोलल्या.

"तो पत्ता फक्त व्यावसायिक ग्राहकांना मिळतो, सर. आपला व्यवसाय?"

"व्यवसाय नाही. लक्ष ठेवायचंय."

"सुरक्षा सेवा का?"

"तसंच म्हणा."

"किती ठिकाणी सेवा देता?"

"एका आईला," मी म्हणालो.

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. तीन दिवसांनी माझ्या नावे सुरक्षा सेवेचं खातं मंजूर झालं आणि कंपनीचा माणूस जागेची पाहणी करायला आला. मी ऑफिसात होतो. आईने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की इथे कसलाही धंदा चालत नाही, माझा मुलगा सज्जन आहे. खातं नामंजूर झालं. मला परत अर्ज करावा लागला आणि त्या वेळी आईला नीट पढवावं लागलं. ती म्हणाली, "खोटं बोलायचं असेल तर तू रजा घेऊन घरी बस."

रजा घेतली. पत्ता मिळाला. आणि त्याच दिवशी नवी भीती जन्माला आली. घराला बाहेरून दार काढलं म्हणजे त्या दारातून कोणीही आत येऊ शकतं. तो भलता माणूस आता गोदाम सोडून सरळ माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. मी पासवर्ड इतका लांब केला की तो टाइप करताना मधे श्वास घ्यावा लागे. तीनदा चुकला तर खोका दार बंद करून घेईल आणि मला इशारा देईल, अशीही सोय केली.

दुसऱ्याच दिवशी इशारा आला. कोणीतरी घरात शिरायचा प्रयत्न करत होतं. मग आणखी एक आला. मी घामाघूम होऊन सिस्टिमवाल्यांकडे धावलो. त्यांनी खोक्याची नोंद वाचली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"हल्ला आपल्या ऑफिसातूनच होतोय," ते म्हणाले.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. शत्रू इथेच, आमच्यातच, कदाचित रोज माझ्याबरोबर डबा खाणारा. मी तडक साहेबांकडे गेलो आणि लेखी तक्रार दिली. चौकशी बसली. संध्याकाळपर्यंत ती माझ्याच टेबलापाशी येऊन थांबली. आदल्या दिवसापासून मीच तो लांबलचक पासवर्ड चुकीचा टाइप करत होतो. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "स्वतःच्या घरात शिरायचं असेल तर किल्ली वापरत जा." लोक हसले. हसणाऱ्यांची नावं मी लक्षात ठेवली आहेत.

तरी एकदाचं सगळं चालू झालं. ऑफिसात बसल्या बसल्या मला आई दिसू लागली. ती वर्तमानपत्र वाचायची, भाजी निवडायची, खिडकीशी बसायची. मला वाटलं होतं की ती दिसली की जीव भांड्यात पडेल. झालं उलटंच. ती खुर्चीवरून उठली की मी इकडे खुर्चीवरून उठायचो. ती स्वयंपाकघरात गेली की एका कॅमेऱ्यातून दिसेनाशी होऊन दुसऱ्यात दिसेपर्यंत माझा श्वास अडकायचा. संध्याकाळी घरी गेलो की मी बूटसुद्धा न काढता खोक्यापाशी बसायचो आणि दिवसभराचं चित्रण पुन्हा बघायचो. आई मागे उभी राहून म्हणायची, "आज मी भाजी काय निवडली ते बघ हं." मी "थांब, अजून तिथवर आलो नाही," म्हणायचो.

आणि मग दुपारचं ते सुरू झालं.

रोज दुपारी, आमची जेवणाची सुट्टी झाली की, तिन्ही कॅमेरे एकदम बंद पडायचे. पडदा काळा. चहाच्या वेळेच्या आसपास आपोआप परत यायचे. त्या मधल्या वेळात मी डबा उघडायचो आणि तसाच मिटायचो. त्या काळ्या पडद्यात मी आईला दावे विभागातल्या प्रत्येक प्रकाराने पाडून पाहिलं आहे.

मी राउटर बदलला. वायरी बदलल्या. खोका तापत असेल म्हणून त्याच्यासमोर टेबलफॅन लावला, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, मला उकडतं तेव्हा तुम्ही खिडकी उघड म्हणता." इंटरनेट कंपनीच्या बाईंनी तक्रार घेतली आणि सुरक्षा सेवेच्या मालकाने राउटर बंद करून चालू करून पाहिला आहे का, असं विचारलं. मला तर खालच्या डेंटिस्टांच्या एक्सरे मशीनचा संशय आला. मी जाऊन त्यांना अगदी अदबीने विचारलं की दुपारी एक्सरे जास्त निघतात का.

"दुपारी फारसे पेशंटच नसतात," ते म्हणाले. "तुमच्या आईंची तब्येत मात्र छान आहे हो. हसऱ्या आहेत."

मी आभार मानले आणि वर आलो. आईला या सगळ्या शोधात मोठा रस होता. "आज किती वेळ बंद होता रे?" ती विचारायची. "यंत्रच ते. त्यालाही दुपारी डुलकी लागत असेल."

महिनाअखेर जवळ आली. ताईने येण्याची तारीख कळवली. तिला दाखवण्यासारखं माझ्याकडे एकच होतं. त्या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये अशी सोय होती की माणूस जमिनीवर पडलेला दिसला तर तो मोबाइलवर फोटोसकट इशारा पाठवतो. हे चाललं तर ताईचं तोंड बंद होणार होतं. पण आधी तपासून पाहायला हवं. रविवारी मी आईला म्हणालो, दिवाणखान्यात जरा जमिनीवर आडवी हो.

"जिवंतपणी?" आई म्हणाली. "मी नाही होणार."

म्हणून मीच झालो. आईचा आकार यावा यासाठी तिची तपकिरी शाल डोक्यावरून पांघरली, गुडघे मुडपले, एक हात लांब टाकला आणि फरशीला गाल लावून निपचित पडलो. फरशी माझ्या अंदाजापेक्षाही कडक निघाली. तेवढ्यात बायको बाजारातून आली, तिने दारातूनच किंकाळी फोडली, आणि मी शाल बाजूला केल्यावर जी बोलणी बसली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. इशारा मात्र आलाच नाही. नंतर पाहिलं तर या फोटोच्या इशाऱ्यासाठी वेगळा पत्ता लिहावा लागत होता, आणि तोच मी चुकीचा लिहिला होता. सोमवारी निघता निघता पत्ता दुरुस्त केला. पण खोका एकदा बंद करून चालू केल्याशिवाय ती दुरुस्ती लागू होत नाही, आणि तोवर जुना इशारा आत तसाच अडकून बसतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी दुपारी मी डबा उघडला. कॅमेरे नेहमीप्रमाणे बंद पडले. मी सवयीने डबा मिटणार, इतक्यात मोबाइल थरथरला.

"घरात व्यक्ती पडली आहे."

खाली फोटो. आमचा दिवाणखाना. तपकिरी शाल. मुडपलेले गुडघे. एक हात लांब टाकलेला.

तो फोटो माझाच असेल हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. गेले काही आठवडे मी त्या फोटोचीच वाट बघत होतो, आणि तो आला होता. मी घरी फोन लावला. वाजत राहिला. कॅमेरा उघडायला गेलो, पण घाईत पासवर्ड एकदा चुकला, परत चुकला, आणि तिसऱ्यांदा चुकल्यावर खोक्याने मला चोर ठरवून दार लावून घेतलं. बायको प्रयोगशाळेत काम करते, तिथे मोबाइल आत नेता येत नाही. ताईला लावला. "आई पडली," एवढंच म्हणालो. तिकडून ती "काय? कशी?" म्हणत राहिली आणि मी फोन ठेवला.

मग ऑडिटरांना. आमचं बोलणं बंद होतं. मी म्हणालो, "अहो, आई पडलीय. बेल वाजवा."

"आलो," ते म्हणाले. एवढे दिवस बोलणं बंद होतं, ते एका शब्दात सुरू झालं.

मी टॅक्सीत बसलो तेव्हा त्यांचा फोन आला. बेल वाजवून दार उघडत नव्हतं. मग ते आपल्या घरात गेले, फ्रेम काढली, स्क्रू ड्रायव्हरने माझ्या भोकातली लांबी उकरली आणि जमिनीवर पालथे पडून आत डोकावले.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"टेबलाचा पाय. आणि शाल. तपकिरी."

"हलतेय का?"

त्यांनी भोकाला परत डोळा लावला. "नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता.

त्यानंतरचा रस्ता मला आठवत नाही. टॅक्सीवाला दोनदा मागे वळून बघत होता, म्हणजे मी काहीतरी बोलत असणार. मी देवाशी सौदे करत होतो. ताईकडे पाठवतो, उद्याच पाठवतो, तिथे बरी राहू दे, माझ्याजवळ नको राहू दे, पण राहू दे.

इमारतीखाली अँब्युलन्स उभी होती. जिना माणसांनी भरला होता. सेक्रेटरींनी किल्लीवाल्याला आणलं होतं आणि त्याने आमचं कुलूप फोडलं होतं, मी येईपर्यंत आत जायचं मात्र कोणाला धैर्य नव्हतं. सगळे बाजूला झाले. ते ज्या तऱ्हेने बाजूला झाले, ती तऱ्हा मी ओळखतो. मी आत गेलो.

टीव्हीच्या टेबलापाशी शाल पडली होती. नुसती शाल. खाली कोणी नव्हतं. मी ती उचलून पाहिली, झटकली, जणू आई तिच्या घडीत कुठेतरी असेल. स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघर पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. आई घरात नव्हती. ती पडलेली नाही हे कळून बरं वाटायला हवं होतं, पण आता ती कुठेच नव्हती आणि तो प्रकार दावे विभागातसुद्धा कधी आला नव्हता. मी शाल घेऊन तिथेच फरशीवर बसलो.

तेवढ्यात जिन्यातल्या गर्दीमागून आवाज आला. "सरका जरा. काय झालं? कोण गेलं?"

आई होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात डेंटिस्टांच्या दवाखान्यातलं मासिक. मागे डेंटिस्ट, गळ्यात मास्क लटकवलेला.

मी तिला पाहिलं आणि रडायला लागलो. एवढ्या लोकांसमोर, ऑफिसच्या शर्टात, शाल छातीशी धरून. माझ्या अब्रूचं जे काही शिल्लक होतं ते त्या दुपारी जिन्यातून वाहून गेलं. सेक्रेटरींनी लोकांना हळूहळू खाली पाठवलं. ऑडिटर जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले, त्यांच्या कोपरांना लांबीची पूड लागली होती.

दार मोडलेलंच होतं, म्हणून आम्ही ते नुसतं लोटून घेतलं. आई खुर्चीवर बसली.

"रोज दुपारी मी खाली जाते," ती म्हणाली. "दवाखान्यात बसायला पंखा आहे, चार माणसं येतात, गप्पा होतात. डॉक्टरांना मी सांगितलंय, मुलाला माहीत आहे म्हणून."

"आणि कॅमेरे?"

"जाताना बंद करते, आल्यावर लावते. आज बटण दाबलं, झालं की नाही कळेना, म्हणून परत दाबलं. तेव्हाच शाल पडली वाटतं. वाकायचा कंटाळा केला."

तिने दोनदा दाबलेल्या त्या बटणाने खोका बंद होऊन चालू झाला होता आणि मला माझाच फोटो पाठवून बसला होता. हे मला त्या क्षणी उलगडलं, पण हसू आलं नाही.

"मी ओरडेन म्हणून बंद करायचीस ना?"

"आधी म्हणूनच करायचे." ती काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत होती. "मग एकदा जिन्यात पाय घसरला. पडले नाही. कठडा धरला आणि पायरीवर बसले. उठताच येईना. बराच वेळ बसून होते. मनात म्हटलं, बरं झालं ते बंद आहे. नाहीतर तो तिकडे बसून बघत राहिला असता, आणि त्याला तिथून काही करता आलं नसतं."

मी हातातल्या शालीची घडी घालायला लागलो.

"मी कधीतरी पडणारच रे," आई म्हणाली. "मलाही भीती वाटते. तुला वाटते त्याहून जास्त वाटते. पण ते तू बघायचं नाहीस. एकदा बघितलंस की तुला जन्मभर तेच दिसेल, हे असं खुर्चीवर बसलेलं दिसणार नाही. म्हणून बंद करते."

फोन वाजला. ताई होती, अर्ध्या वाटेवर, बसमध्ये, रडत. आईने माझ्या हातातून फोन घेतला. "मी धडधाकट आहे," ती म्हणाली. "ये तू, पण मला न्यायला येऊ नकोस, राहायला ये. तिकडे तुझ्याकडे बसून मी याच्या काळजीने अर्धी होईन. इथे निदान हा माझ्या डोळ्यांसमोर असतो."

ताई आली, चार दिवस राहिली, आईबरोबर रोज दवाखान्यात जाऊन बसली आणि एकटीच परत गेली. खोका माळ्यावर गेला. बाहेरचा कॅमेराही काढला, सेक्रेटरींनी त्यासाठी अर्ज मागितला तो दिला. ऑडिटर म्हणतात, भोक बुजवू नका, असू दे. आईने एवढंच कबूल केलं की जिना उतरताना कठडा सोडणार नाही आणि मोबाइल पिशवीत ठेवेल. मी एवढंच कबूल केलं की दुपारी एकदाच फोन करीन.

आता जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडून समोर ठेवतो आणि फोन लावतो. रिंग वाजते. आईला पिशवी शोधायला वेळ लागतो, पिशवीत मोबाइल शोधायला त्याहून जास्त. तेवढ्या वेळात कठडा सुटलेला असतो, चप्पल निसटलेली असते, आणि माझ्या टेबलावरचे सगळे दावे एकापाठोपाठ एक उभे राहतात. मी घास हातात धरून थांबतो. मग पलीकडे काहीतरी खुडबुडतं आणि ती बोलते.

"आहे रे, आहे. तू जेव."